आवाज येतो, पण कळत नाही : श्रवणचेतेच्या अभ्यासाची प्रस्तावना

नांदेड किंवा लातूरच्या कान-नाक-घसा विभागात सकाळच्या वेळी तासभर बसलं, की एक वाक्य हमखास कानी पडतं : "आवाज येतो, पण कळत नाही." कंधारकडची आजी हे म्हणते, अहमदपूरचे निवृत्त गुरुजी म्हणतात, आडत दुकानात तीस वर्षं पट्ट्या लिहिलेला मुनीमही म्हणतो. सोबत आलेला मुलगा बहुतेक वेळा मध्येच सांगतो, "कमी ऐकू येतंय तिला." आजी मान हलवते आणि आपलंच वाक्य पुन्हा म्हणते. तिचं दुखणं तिला मुलापेक्षा, आणि पुष्कळदा तपासणाऱ्यापेक्षाही, नेमकं ठाऊक असतं.

श्रवणचेतेच्या अभ्यासात पाऊल ठेवणाऱ्याचं स्वागत मी याच वाक्याने करतो. आवाज येणं आणि आवाज कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या मधल्या वाटेवर एक नस आहे, तीच श्रवणचेता, जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीची. ती काय काम करते, तिच्यात बिघाड झाला की माणसाचं नेमकं काय हरवतं, आणि बिघाड तिच्यात आहे, तिच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कसं ओळखायचं, यातच या विषयाचा सगळा पसारा आला. विषय लहान दिसतो. पण कानाच्या मशीनपासून शस्त्रक्रियेपर्यंतचा प्रत्येक उपचार या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आपल्याकडे 'नस' हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. "कानाची नस सुकली", "नस कमजोर झाली", हे निदान घेऊन घरी गेलेली माणसं गावोगाव भेटतात. चिठ्ठीवर 'सेन्सरीन्यूरल' असं लिहिलेलं असतं आणि समजावताना त्याची नस होते. खरं तर त्या एका शब्दात दोन वेगळी घरं एकत्र कोंबलेली आहेत. एक घर आतल्या कानातल्या रोमपेशींचं, म्हणजे आवाजाच्या थरथरीचं विद्युत संदेशात रूपांतर करणाऱ्या केसाळ पेशींचं. दुसरं घर चेतेचं. "नस सुकली" असं ज्यांना सांगितलं जातं त्यांच्यातल्या बहुतेकांची नस मुळात बऱ्यापैकी शाबूत असते, गेलेल्या असतात त्या रोमपेशी. थोड्यांच्या बाबतीत उलट असतं : रोमपेशी ठणठणीत आणि नस बेताल. दोघांच्या हातात ऑडिओग्रामचा, म्हणजे किती हळू आवाज ऐकू येतो याच्या आलेखाचा, सारखाच कागद येऊ शकतो आणि दोघांना सारखंच मशीन दिलं जातं. पहिल्याला त्याचा उपयोग होतो. दुसरा ते महिनाभर लावतो आणि मग कपाटात ठेवून देतो.

या दोन घरांची वाटणी नीट करता येणं, एवढंच या अभ्यासशाखेचं मुख्य देणं आहे असं मला वाटतं.

आधी नस पाहू. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातल्या पडद्यावर स्वरांची जागा ठरलेली आहे. तारस्वर तळाशी, मंद्र स्वर टोकाशी. आवाज आला की या पडद्यावर लाट धावते. ती गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी पाहिली आणि त्यासाठी 1961 चं नोबेल त्यांना मिळालं. पडद्यावर रोमपेशींच्या रांगा असतात : बाहेरच्या तीन रांगांत मिळून सुमारे 12 हजार, आतल्या एका रांगेत सुमारे साडेतीन हजार. बाहेरच्या पेशी आवाज उचलून धरतात, आतल्या पेशी तो नसेला सांगतात. नसेत सुमारे 30 हजार तंतू असतात आणि त्यांतले शेकडा 95 या आतल्या रांगेशी जोडलेले असतात, एकेका पेशीला दहा-वीस तंतू. डोळ्याच्या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. त्या मानाने कानाची ही दोरी किती बारीक आहे! आयुष्यात ऐकलेली प्रत्येक हाक, प्रत्येक अभंग, एसटीच्या कंडक्टरची प्रत्येक घंटी त्या 30 हजार तंतूंतूनच आत गेली आहे.

या तंतूंची कमाल वेळेच्या हिशेबात आहे. एक तंतू सेकंदाला काही शे ठोके देऊ शकतो, त्यापुढे तो दमतो. आवाजाची कंपनं तर हजारोंच्या घरात असतात. मग ती कशी पोहोचतात? दिंडीतले टाळकरी आठवा. चाळीस टाळकऱ्यांपैकी प्रत्येकाने प्रत्येक मात्रेवर टाळ मारलाच असं होत नाही. कुणी श्वास घेतो, कुणी उपरणं सावरतो. पण जो मारतो तो तालावरच मारतो, म्हणून एकत्र ऐकताना एकही मात्रा रिकामी जात नाही. चेतेचे तंतू असेच पाळीपाळीने, पण तालावर ठोके देतात. सेकंदाला चार-पाच हजार कंपनांपर्यंतचा ताल ते मिळून धरून ठेवतात.

आता हेच टाळकरी तेवढ्याच जोराने वाजवत आहेत, पण प्रत्येकाचा ताल थोडा मागे-पुढे झाला आहे असं समजा. गोंगाट तेवढाच राहील, अभंग मात्र कळणार नाही. आजीचं वाक्य हेच सांगत असतं.

मराठीला हा ताल फार लागतो. क, ख, ग, घ हे चार वर्ण तोंडात जवळजवळ एकाच जागी तयार होतात. त्यांच्यातला फरक मुख्यतः वेळेचा आहे : स्वरयंत्राचं कंपन कधी सुरू झालं आणि श्वासाचा झोत किती वेळ राहिला, तोही दहा-वीस मिलिसेकंदांच्या हिशेबात. 'काय' आणि 'गाय', 'ताट' आणि 'दाट', 'पात' आणि 'भात' यांची वाटणी तिथे होते. धडधाकट कानाला आवाजातला दोन-तीन मिलिसेकंदांचा खंडही कळतो. चेतेचा ताल गेलेल्या काही माणसांना तोच खंड वीस मिलिसेकंदांचा झाल्याशिवाय जाणवत नाही. अशा माणसाशी ओरडून बोलण्याचा काहीच उपयोग नसतो, कारण ओरडण्याने आवाज वाढतो, खंड वाढत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, शब्दांमध्ये जागा सोडत बोललं तर कळतं. घरच्यांना सांगायची ही साधी सूचना चेतेच्या अभ्यासातूनच आलेली आहे, आणि तिला एक रुपयाही खर्च येत नाही.

रोमपेशी आणि चेता यांची गल्लत शास्त्रज्ञांकडूनही झालेली आहे, आणि ती गोष्ट प्रत्येक नव्या अभ्यासकाला ठाऊक असायला हवी. 1930 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात वेव्हर आणि ब्रे या दोघांनी मांजराच्या श्रवणचेतेवर तार लावली, तिथला विद्युत संदेश वर्धकातून दुसऱ्या खोलीतल्या टेलिफोनला जोडला आणि मांजराच्या कानाशी बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या खोलीत ते बोलणं स्वच्छ ऐकू आलं. नस टेलिफोनच्या तारेसारखी आवाज जसाच्या तसा वाहून नेते, असाच अर्थ प्रथम निघाला. लवकरच कळलं, की ऐकू आलेला संदेश मुख्यतः नसेचा नव्हताच. तो कॉक्लियातल्या रोमपेशींचा होता आणि तारेपर्यंत पाझरत आला होता. त्याला आता कॉक्लियर मायक्रोफोनिक म्हणतात. आवाजाची लाट उलटी केली की तोही आरशासारखा उलटतो. चेतेचा संदेश तसा उलटत नाही.

ही जुनी चूक आज निदानाचं हत्यार बनली आहे. ते कसं, हे कळण्यासाठी बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूच्या खोडाने दिलेला प्रतिसाद मोजणाऱ्या तपासणीच्या खोलीत जावं लागेल.

समजा, लोह्याकडचं एक दीड वर्षाचं लेकरू आहे. हाक मारली की कधी वळतं, कधी वळत नाही. ताट पडलं तर दचकतं. "आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात," असं आजी म्हणते. त्याला बेरासाठी बोलावलेलं असतं आणि आईला सांगितलेलं असतं, की रात्री जागवा, म्हणजे तपासणीच्या वेळी झोपेल. आई बिचारी रात्रभर लेकराला जागवते. एसटी लोह्यातून निघते आणि खिडकीचा वारा लागताच लेकरू मांडीवर झोपून जातं. नांदेडच्या बसस्थानकात उतरताना त्याची झोप पुरी झालेली असते. मग तपासणीच्या दारात तास-दीड तास थोपटणं, पाजणं, झोपेचं औषध. शेवटी डोळा लागतो. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे चिकट लेप लावून तारा जोडल्या जातात, कानात छोटी नळी जाते आणि टकटक सुरू होते. एक टक, दुसरी टक, अशा हजार-दोन हजार. प्रत्येक टकेला चेता आणि मेंदूचं खोड जो संदेश देतात तो मायक्रोव्होल्टच्या अंशात मोजावा लागतो. मेंदूच्या बाकीच्या हालचालीत तो पार बुडून जातो. म्हणून हजारो वेळा मोजून सरासरी काढायची. पडद्यावर हळूहळू पाच उंचवटे उभे राहतात. पहिला नसेचा. पाचवा, सर्वांत ठळक, मेंदूच्या खोडातला, मोठ्या माणसात टकेनंतर साधारण साडेपाच ते सहा मिलिसेकंदांनी, लहान बाळात थोडा उशिरा. 1971 मध्ये ज्युएट आणि विलिस्टन यांनी या लाटांना रोमन आकडे दिले. तेच आजही प्रत्येक अहवालात असतात.

लोह्याच्या या लेकराच्या पडद्यावर एकही उंचवटा आला नाही असं धरू. "ठार बहिरं आहे," असा निष्कर्ष काढण्याचा मोह इथेच होतो. थांबायला हवं. कानात दुसरी छोटी नळी घालून ओएई तपासणी करायची. 1978 मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं, की निरोगी कॉक्लिया स्वतःच एक बारीकसा प्रतिध्वनी बाहेर फेकते. तो बाहेरच्या रोमपेशींचा असतो. लेकराच्या कानातून तो प्रतिध्वनी स्वच्छ आला, म्हणजे रोमपेशी जिवंत आहेत. आता बेरा पुन्हा करायची, पण टकेची दिशा आधी एका बाजूची आणि मग उलटी, दोन्ही वेगवेगळ्या नोंदवायच्या. यंत्रावर सहसा दोन्ही दिशा आलटून पालटून देण्याची सोय असते आणि घाईत तीच वापरली जाते. तसं केलं तर रोमपेशींचा संदेश एकमेकांत कापला जाऊन नाहीसा होतो आणि निदान हातचं जातं. वेगवेगळं नोंदवलं, की सुरुवातीलाच आरशासारखे उलटे दोन आलेख दिसतात. वेव्हर आणि ब्रे यांना फसवणारा हाच तो संदेश. रोमपेशी बोलत आहेत, नस तालात नाही.

या अवस्थेला 'ऑडिटरी न्यूरोपॅथी' हे नाव अर्नॉल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दहा रुग्णांच्या अभ्यासातून दिलं. आता त्यामागे 'स्पेक्ट्रम' हा शब्दही जोडतात, कारण बिघाडाच्या जागा अनेक असू शकतात. या बाळांचा एक मोठा गट आपल्या फार ओळखीचा आहे. "जन्मल्यावर काचेत ठेवलं होतं" हे वाक्य मराठवाड्यातल्या कितीतरी आया सांगतात. वेळेआधी जन्म, जन्मतःच श्वास कोंडणं, आणि मुख्य म्हणजे वाढलेली कावीळ. काविळीतलं बिलिरुबिन फार चढलं, की ते मेंदूच्या खोडातल्या ऐकण्याच्या केंद्रांना आणि चेतेला इजा करतं. रोमपेशींना ते सहसा हात लावत नाही. म्हणून काचेत राहिलेल्या बाळाची फक्त ओएई तपासणी केली तर ते सुखरूप पास होतं, आणि दोन वर्षांनी बोलत नाही म्हणून परत येतं. अतिदक्षता विभागात पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या प्रत्येक बाळाची बेरा झालीच पाहिजे, असं अमेरिकेतल्या शिशुश्रवणविषयक संयुक्त समितीने 2007 मध्ये बजावून सांगितलं ते याच कारणाने. नांदेड-लातूरच्या प्रत्येक नवजात कक्षात सुटीच्या कागदावर ही एक ओळ छापलेली असावी, अशी माझी फार इच्छा आहे.

साधनं नाहीत, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली आणि त्यात बालकांचा श्रवणदोष शोधण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. गावातून सापडलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत यावं अशी ती साखळी आहे. 'सोहम' नावाचं भारतात तयार झालेलं उपकरण 2017 मध्ये आलं. नवजात बाळाच्या मेंदूच्या खोडाचा प्रतिसाद मोजून ते तपासणी करतं, म्हणजे जे ओएईतून निसटतं ते इथे पकडता येतं. जगभर मानलेला दंडक असा : एका महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. यातली चाळणी आशाताई आणि परिचारिका यांच्या हातात आहे. म्हणून हा विषय फक्त तज्ज्ञांचा आहे असं मी मानत नाही. बाळ काचेत होतं का, कावीळ किती दिवस होती, हे घरोघर जाऊन विचारणारी बाई या अभ्यासाची पहिली निरीक्षक आहे.

आता उपचार. बिघाडाची जागा कळल्याने काय फरक पडतो, हे तीन लेकरांच्या उदाहरणाने सांगतो. तिघंही जन्मतः बहिरी आणि तिघांचे ऑडिओग्राम सारखे आहेत असं धरा.

पहिल्याच्या आई-वडिलांचं नातं मामेबहीण-आतेभावाचं. मराठवाड्यात हे लग्न रूढीतलं आहे, मामा-भाचीचंही होतं. यात दोष कुणाचाच नाही, पण एकाच पूर्वजाकडून आलेला लपलेला जनुकीय बदल दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. अशा घरांत पुष्कळदा सापडतो तो जीजेबी-2 या जनुकातला बदल. 1997 मध्ये बहिरेपणाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आणि भारतीय कुटुंबांमध्ये त्याचं एक ठरावीक रूप वारंवार दिसतं. यात कॉक्लियाचं काम बंद पडतं, नस मात्र चांगली असते. म्हणून कॉक्लियर इम्प्लांट इथे उत्तम चालतं : कॉक्लियात घातलेली तारांची माळ रोमपेशींना वगळून थेट नसेला संदेश देते.

दुसऱ्याच्या घरातही नातं तेच, पण बदल ओटीओएफ जनुकातला. रोमपेशी शाबूत, नस शाबूत, दोघांमधला दुवा मात्र तुटलेला. रोमपेशी संदेश हातात घेऊन उभी आहे, तो पलीकडे देता येत नाही. इम्प्लांट इथेही चांगलं चालतं. त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे शांघायच्या फूदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांच्या कानात या जनुकाची दुरुस्त प्रत सोडण्यात आली आणि पाच जणांचं ऐकणं परतलं. 2024 च्या जानेवारीत 'द लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या मुलाचा दोष नेमका इथे आहे हे कुणी शोधलंच नाही, त्याच्यापर्यंत असा उपचार कधी पोहोचेल?

तिसऱ्याची गोष्ट सांगताना जीव जड होतो. शस्त्रक्रियेआधी एमआरआय काढतात. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या हाडाच्या बोगद्याचा आडवा छेद पाहिला, की त्यात चार ठिपके दिसतात : एक चेहऱ्याच्या नसेचा, दोन तोल सांभाळणाऱ्या नसांचे आणि एक श्रवणचेतेचा. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बापाला ते दाखवता येतात. या मुलाच्या छेदात तीनच ठिपके आहेत. नस तयारच झालेली नाही, किंवा इतकी बारीक आहे की दिसत नाही. इथे इम्प्लांटकडून फार थोडी आशा ठेवावी लागते. काही ठिकाणी थेट मेंदूच्या खोडावर तारा बसवण्याची शस्त्रक्रिया होते, ती फार मोठी आहे आणि तिचं फळ बेताचं. या मुलाला खुणांची भाषा पहिल्या वर्षापासून, पूर्ण सन्मानाने, मिळायला हवी. आवाज देता येत नसेल तर भाषा द्यावीच लागते, आणि ती उशिरा देण्याचा अधिकार कुणालाही नाही. मशीन देऊन दोन-तीन वर्षं "बघू या" म्हणत घालवलेली मुलं निवासी मूकबधिर शाळांमध्ये वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी पहिला शब्द शिकतात. ही वर्षं नसेची तपासणी वेळेत झाली असती तर वाचली असती.

इम्प्लांटचा इतिहास इथे थोडक्यात. 1957 मध्ये पॅरिसला जुर्नो आणि एरिएस यांनी पहिल्यांदा माणसाच्या श्रवणचेतेला विजेचा स्पर्श दिला, 1978 मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक तारांचं इम्प्लांट बसवलं, 1991 मध्ये ब्लेक विल्सन यांनी तारांना पाळीपाळीने संदेश देण्याची पद्धत मांडली आणि बोलणं खऱ्या अर्थाने कळू लागलं. विल्सन यांची पद्धत यशस्वी झाली कारण नस एकावेळी एकाच ठिकाणी छेडली तर वेगवेगळ्या तारांचे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत. टाळकऱ्यांची पाळी पुन्हा आठवावी. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली आणि वाढवली. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षापासून केंद्राच्या एडिप योजनेत गरजू मुलांच्या इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद झाली आणि तिचं काम मुंबईच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे. 1983 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते नवाब अली यावर जंग हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना इथली हुशार मुलं उस्मानियातच शिकायला जात. आज इथली लेकरं त्यांच्या नावाच्या संस्थेकडे ऐकू येण्यासाठी जातात, हे मला नेहमी आठवतं.

शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, त्यानंतरचं काम वर्षांचं. प्रत्येक तारेला किती वीज द्यायची, कुठे आवाज लागायला सुरुवात होते, कुठे तो टोचतो, हे ठरवावं लागतं. त्याला मॅपिंग म्हणतात. दीड वर्षाचं मूल काय सांगणार? इथे पुन्हा नसच उत्तर देते. एका तारेने टोचायचं आणि शेजारच्या तारेने नसेचा प्रतिसाद ऐकायचा, अशी सोय इम्प्लांटच्या आतच असते. त्यातून सुरुवातीचे आकडे मिळतात. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मॅपिंगसाठी मुंबई गाठणाऱ्या आईसाठी ही सोय मोठी आहे. आकडे नसेकडून मिळाले, की फेऱ्या कमी होऊ शकतात, आणि आता तर काही मॅपिंग दुरूनही करता येतं. या कामात नांदेड आणि लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी उतरावं असं मला मनापासून वाटतं. शस्त्रक्रिया मुंबईत होऊ द्या. मॅपिंग आणि स्पीच थेरपी लेकराच्या गावाजवळ हवी.

मोठ्या माणसांकडे वळू, कारण आजी अजून बाकावर बसलेली आहे.

2009 मध्ये बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांचं ऐकणं काही दिवस मंदावलं आणि दोन आठवड्यांत पूर्ववत झालं. रोमपेशी सगळ्या जिवंत होत्या. ऑडिओग्रामसारखी तपासणी केली असती तर कान निरोगी ठरला असता. पण रोमपेशी आणि चेतेचे तंतू यांच्यामधले दुवे मोजले तेव्हा वरच्या स्वरांच्या भागात जवळपास निम्मे कायमचे तुटलेले होते. माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या कानांतही वयाबरोबर तंतू गळत जातात, शेजारच्या रोमपेशी उभ्या असतानाही, असं दिसलं आहे. जिवंत माणसात ही गळती नेमकी कशी मोजावी यावर वाद चालू आहे. नव्याने येणाऱ्याने या वादात जरूर उतरावं.

लातूरच्या डाळमिलमध्ये चाळण्या, पंखे आणि पट्टे दिवसभर चालतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, आणि मर्यादा आखताना विचार झाला तो ऑडिओग्राम खाली जाण्याचा. तंतू त्याआधीच गळू लागत असतील तर ती मर्यादा पुरेशी नाही. वरातीतल्या डीजेच्या भिंतीसमोर तीन तास नाचलेल्या पोराच्या कानात रात्रभर शिटी वाजते आणि सकाळी थांबते. तो म्हणतो, कान बरा झाला. उंदरांचाही झाला होता. ज्याचे दुवे तुटले आहेत अशा माणसाला शांत खोलीत काहीही जाणवत नाही. गंजगोलाईत, जिथे सोळा रस्त्यांची गर्दी एका जागी येते, तिथे दुकानदाराचा भाव त्याला कळत नाही. मोंढ्यात हर्रास चालू असताना शेजारचा काय म्हणाला ते कळत नाही. आवाजरोधक खोलीत केलेली तपासणी त्याला 'नॉर्मल' म्हणते. मिलमधल्या कामगारांचा बेराचा पहिला उंचवटा, म्हणजे नसेचा, वर्षानुवर्षं नोंदवून पाहणं हा लातूरला बसून करण्याजोगा अभ्यास आहे. त्यासाठी परदेशातलं यंत्र लागत नाही. लागते ती चिकाटी आणि कामगाराची एक दिवसाची मजुरी भरून देण्याची तयारी.

दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यातही श्रवणदोषाची व्याख्या डेसिबलवरच उभी आहे : बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत 70 डेसिबलचा ऱ्हास असेल तर बधिर, 60 ते 70 असेल तर कर्णदुर्बल. तालाचा, कळण्याचा उल्लेख त्यात नाही. ज्याला आवाज 40 डेसिबलला येतो आणि दहातले दोनच शब्द कळतात, तो या मापात बसत नाही. हे माप बदलायचं असेल तर कळणं मोजून दाखवावं लागेल, आणि कळणं मोजायचं तर ते माणसाच्या स्वतःच्या भाषेतच मोजता येतं.

इथे आपल्या दोन जिल्ह्यांइतकं कठीण आणि सुंदर काम क्वचित कुठे असेल. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडे घरात तेलुगू. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड. नांदेड शहरात दखनी उर्दू, आणि गुरुद्वाराच्या परिसरात पंजाबी. किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी, पाड्यांवर गोंडी आणि कोलामी. मराठी म्हणावी तर तीही पुण्याची नव्हे. पुस्तकी शब्दांची यादी वाचून दाखवली आणि म्हातारीला 'उद्यान' किंवा 'विहीर' कळला नाही, तर चूक नसेची की यादीची? ती विहिरीला 'हीर' म्हणते. नांदेडला 1994 पासून आपलं विद्यापीठ आहे, तिथे या बोलींचे जाणकार आहेत. श्रवणतज्ज्ञ आणि भाषेचे अभ्यासक यांनी एकत्र बसून इथल्या बोलीतल्या दोन-तीन अक्षरी शब्दांच्या याद्या करायला हव्यात. क-ग, त-द, प-भ यांच्या जोड्या सारख्या प्रमाणात याव्यात, 'ल' आणि 'ळ' समोरासमोर यावेत, 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च दोन्ही यावेत.

यादी एकदा शांततेत वाचायची. दुसऱ्यांदा, शब्द बदलून, मागे मोजून दिलेल्या गलक्यात. दोन्ही वेळा कळलेले शब्द मोजायचे. हे दोन आकडे ऑडिओग्रामच्या कागदावरच, त्याच्या शेजारी, लिहायचे. दोन्ही आकड्यांत मोठी दरी दिसली किंवा शांततेतलाच आकडा ऑडिओग्रामला न शोभण्याइतका खाली गेला, तर नसेचा विचार करायचा आणि बेराला पाठवायचं.

आजीला आत घ्या. मुलाला बाहेर बसवा, नाहीतर तो उत्तरं देईल. तिच्या समोर बसू नका, तोंड वाचून ती सांगेल. यादीतला पहिला शब्द तिच्या रोजच्या जगण्यातला ठेवा : वावर. मग भाकर, हीर, कासरा, लेकरू. ती जे म्हणेल तेच लिहा.